धक्का एकच होता

सोलापूर,
११ फेब्रुवारी

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "जीव वाचला, आई सुखरूप आहे, मग विमा कंपनीने कापलेल्या एकोणतीस हजारांसाठी एवढं काय धरून बसलास?" मी तुटकपणे फोन ठेवला. दोन दिवस मनाला लागून राहिलंय. तू काळजीपोटी बोललास, हे कळतं मला. पण जे सांगायचं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

२२ जानेवारीला आम्ही पंढरपूरहून परतत होतो. माघवारीची गर्दी व्हायच्या आत आईला दर्शन घ्यायचं होतं. मोहोळला हायवेला लागलो, सावळेश्वरचा टोलनाका अजून यायचा होता. दिवेलागणीची वेळ. कारखान्यांचा हंगाम तुला माहीतच आहे. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला एक ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना लाल पट्टी, दुभाजकाच्या मोकळ्या जागेतून वळत होता. सगळ्यात पुढच्या गाडीने करकचून ब्रेक मारला, तिच्या मागच्याने मारला, मीही मारला. आणि माझी गाडी थांबली. पुढची गाडी नि माझी, मध्ये हातभर अंतर होतं. आई "पांडुरंगा" म्हणाली आणि तेवढ्यात मागून एक मोठी जीप येऊन आदळली. आम्ही ढकलले गेलो ते थेट पुढच्या गाडीत. ती गाडी तिच्या पुढच्यावर. चार गाड्या एकमेकींत अडकलेल्या, आणि ट्रॅक्टर केव्हाच निघून गेलेला.

आई पुढे, माझ्या शेजारी बसली होती. तिची सीट पाठीतून मोडून मागे कलली. रात्रभर ती एकच सांगत होती, "पाठीत कुणीतरी बुक्की घातल्यागत झालं रे." तिचं हे वाक्य लक्षात ठेव, पुढे कामाला येतं.

१०३३ला फोन लावला, हायवेची गस्तीची गाडी आली, पोलिसांनी पंचनामा केला. गाड्या हलवायच्या आधी मी चारही बाजूंनी फोटो काढले. हात थरथरत होते, अर्धे हललेले आलेत. पण काढले, हे फार बरं झालं. मागे वाहतूक खोळंबली की लोक "आधी बाजूला घ्या" म्हणून ओरडायला लागतात. तुझ्यावर अशी वेळ न येवो, पण आलीच तर दोन मिनिटं ओरडा खा आणि फोटो काढ.

चूक माझ्याकडून झाली ती दुसऱ्या दिवशी. होटगी रोडच्या गॅरेजमध्ये उभ्या उभ्या क्लेमचा फॉर्म भरला. रात्रभर झोप नव्हती. 'अपघात कसा झाला' या रकान्यात लिहून गेलो, "पुढच्या गाडीवर आदळलो व मागून जीप धडकली." क्रम उलटा झाला. त्या एका ओळीवर पुढचं सगळं उभं राहिलं.

वेळेच्या बाबतीत मी कंपनीला दोष देणार नाही. चोवीस तासांत सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, नेमायचा आणि पंधरा दिवसांत त्याचा अहवाल यायचा, असा नियम आता आहे, आणि तो त्यांनी पाळला. पण अहवालात काय आलं? अपघात दोन! आधी मी पुढच्याला ठोकलं, तो एक. मग जीपने मला ठोकलं, तो दुसरा. म्हणून क्लेमही दोन करा.

तू म्हणशील, पैसे तर दोन्हीकडचे मिळणारच, चूक कुणाची का असेना. खरंय, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला आपलीच कंपनी पैसे देते. गोम झिरो डेपमध्ये आहे, म्हणजे भाग जुने झाले म्हणून काही न कापता पूर्ण पैसे देणाऱ्या सोयीत. माझ्या पॉलिसीत ते वर्षातून दोनच क्लेमना चालतं. पावसाळ्यात झाडाची फांदी टपावर पडली तेव्हा एक वापरून झालेला. उरला एक, तो मागच्या बाजूला लावला. पुढच्या बाजूला मग घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, लागला. बंपर, जाळी असल्या प्लास्टिकच्या वस्तूंवर सरसकट पन्नास टक्के, आणि गाडीला तीन वर्षं होऊन गेल्याने धातूच्या भागांवर पंचवीस टक्के. प्लास्टिकचे ३८ हजार होते, त्यातले १९ गेले. बॉनेट, रेडिएटर वगैरे ३६ हजार, त्यातले ९ गेले. शिवाय दर क्लेममागे आपण भरायचे हजार रुपये दुसऱ्यांदा. ते एकोणतीस हजार आले ते असे.

मग मी अहवालाची प्रत मागून घेतली आणि शांतपणे बसून विचार केला. मी आधी पुढच्याला ठोकलं असतं, तर त्याला दोन धक्के जाणवायला हवे होते. एक माझा, आणि जीपने मला ढकलल्यावर दुसरा. त्या गाडीत बार्शीचे एक शिक्षक होते. त्या रात्री नंबर घेतला होता, तो लावला. काही न सांगता विचारलं, "सर, तुम्हाला धक्के किती बसले?" ते लगेच म्हणाले, "एकच. पण मोठा." मी खरंच डोळे मिटून बसलो रे. त्यांनी ते सहीनिशी लिहूनही दिलं. आपली ना ओळख ना पाळख, स्वतःची गाडी गॅरेजमध्ये, आणि या माणसाने माझ्यासाठी एवढं केलं.

दुसरी गोष्ट ती सीट. पुढून आदळलं की माणूस पुढे फेकला जातो, पट्ट्यावर ताण येतो. मागून ठोकर बसली की अंग आधी सीटच्या पाठीवर दाबलं जातं. आईची सीट मागे मोडली आहे. सर्व्हेअरने तिची किंमत मागच्या बाजूच्या खर्चात धरली, पण ती मोडली कशी, हे काही लिहिलं नाही. आईची बुक्की त्या सीटवर उमटलेली आहे, आणि ते कुणी बघितलंच नाही, याचा मला फार राग आला.

हे सगळं जोडून ६ तारखेला कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी दिलं. फॉर्ममधली ओळ माझीच, ती घाईत उलटी पडली, हेही स्पष्ट लिहिलं. काल उत्तर आलं, दोन ओळींचं. सर्व्हेअरचा अहवाल अंतिम आहे. तो अंतिम नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एका ट्रकच्या प्रकरणात सांगितलंय, की सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. तेव्हा आता विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. आपल्या भागाचं कार्यालय तुमच्या पुण्यातच आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचं उत्तर पटलं नाही, किंवा तीस दिवस उत्तरच आलं नाही, की वर्षाच्या आत तिथे जाता येतं. कागद तयार आहेत.

टेबलावर कंपनीचा एक कागद पडलाय. 'पूर्ण व अंतिम रक्कम समाधानपूर्वक स्वीकारली' असं त्यावर छापलंय, खाली माझी सही हवी आहे. एजंट रोज फोन करतो, सही करा, गाडी लगेच सुटेल. ही काही बोलत नाही, पण मुलांना शाळेत सोडायची तिची ओढाताण मला दिसते. तरी सही होत नाही. त्या रात्री मी ब्रेक मारला होता आणि गाडी थांबवली होती. आई शेजारी असताना मी पुढच्यावर जाऊन आदळलो, असं माझ्या सहीने कागदावर राहावं, हे मला सहन होत नाही. एवढंच सांगायचं होतं तुला.

पैसे पाठवतो म्हणालास, ते नको. तू ये. आई तुझी आठवण काढते, शेंगाचटणी कुटून ठेवलीय तिने तुझ्यासाठी. गाडी नसली तरी स्टेशनवर रिक्षा घेऊन येतो. येताना पुण्यात त्या कार्यालयात एकदा डोकावून ये आणि कागदांच्या किती प्रती लागतात तेवढं विचार.

तुझा,
शेजारच्या बाकावरचा