रिसर्च मेथडॉलॉजी शिकवायला घेतोयस, त्याबद्दल

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर यंदा तुझ्याकडे आलाय, मुलं अगदीच नवखी आहेत आणि सुरुवात कुठून करू असं विचारलंयस. फोनवर हे सगळं मावणार नाही, म्हणून लिहूनच काढतो.

पहिलं म्हणजे पुस्तकाच्या क्रमाने जाऊ नकोस. बहुतेक पुस्तकं संशोधनाच्या व्याख्येपासून सुरू होतात, मग प्रकार, मग गृहीतकांचे प्रकार, आणि मुलं हे सगळं पाठ करून पेपरात लिहितात पण स्वतःचा एक प्रश्न मांड म्हटलं की खाली बघायला लागतात. माझं तर ठाम मत झालंय की सुरुवातीचे काही आठवडे फक्त प्रश्न बारीक करायला शिकवावं. प्रश्न नीट झाला की कुणाला विचारायचं, काय मोजायचं, कुठली पद्धत हे बरंचसं त्यातूनच ठरतं, आणि प्रश्नच पसरट असेल तर पुढे कुठलंही सॉफ्टवेअर वापर, हाताला काही लागत नाही.

तुझ्याही वर्गात कुणीतरी 'सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम' हा विषय आणणारच. त्याला नाही म्हणू नकोस, बोर्डावर लिही आणि विचारत जा. तरुण म्हणजे कोण, घरी राहणारे की हॉस्टेलवरचे? परिणाम कशावर? समजा तो म्हणाला झोपेवर. मग झोप म्हणजे किती तास, की किती वाजता लागते, की सकाळी फ्रेश वाटतं का? आणि हे आपल्याला कळणार कसं, एकदाच विचारून की आठवडाभर रोज सकाळी नोंद ठेवायला लावून? असं करत करत तो 'हॉस्टेलमधली पहिल्या वर्षाची जी मुलं अंथरुणात पडल्यावर फोन बघतात ती न बघणाऱ्यांपेक्षा उशिरा झोपतात का' इथपर्यंत येतो. सुरुवातीला मुलांना हे फारच छोटं वाटतं, पण ह्याचं उत्तर मिळू शकतं ना, आधीच्याचं मिळत नव्हतं.

आणि मग वर्गातलं कुणीतरी हळूच म्हणतं, सर पण झोप येत नाही म्हणूनच फोन बघत असतील तर? हे कुणी म्हटलं की त्या दिवसाचं ठरवलेलं सगळं बाजूला ठेव. दोन गोष्टी सोबत दिसणं वेगळं आणि एकीमुळे दुसरी होणं वेगळं, हे शिकवायची ह्याहून चांगली वेळ येणार नाही. इथेच ब्रिटिश नौदलातल्या जेम्स लिंड ह्या डॉक्टरची गोष्ट सांग. १७४७ साली जहाजावर स्कर्व्ही (ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणारा आजार) झालेले १२ खलाशी त्याने घेतले, सगळ्यांची अवस्था होता होईल तितकी सारखी, रोजचं जेवणही एकच, आणि दोघादोघांना वेगवेगळा उपाय दिला, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, एका जोडीला संत्री आणि लिंबं. फळं खाणारे दोघं झपाट्याने सुधारले. बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची हे मुलांना त्या १२ जणांवरून जितकं पटकन कळतं तितकं व्हेरिएबलच्या, म्हणजे बदलणाऱ्या घटकाच्या, व्याख्येवरून नाही कळत. हेही सांग की ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला सुरुवात केली ती १७९५ च्या सुमारास, म्हणजे पुरावा हातात आला की लगेच सगळे मानतात असं नाही.

सॅम्पलिंगला, म्हणजे सगळ्यांमधून कुणाला विचारायचं ते निवडायला, १९३६ ची अमेरिकेतली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक घे. लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने कोण जिंकणार ह्याचा अंदाज घ्यायला जवळपास १ कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या, सुमारे २४ लाख परत आल्या आणि त्यावरून लँडन हा उमेदवार जिंकणार असं छापलं, प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं समोरच्या रूझवेल्टने घेतली. नावं घेतली होती टेलिफोनच्या याद्या आणि गाड्यांच्या नोंदणीतून, त्या मंदीच्या काळात फोन आणि गाडी कुणाकडे असणार? शिवाय ज्यांनी उत्तरंच पाठवली नाहीत ते काय विचार करत होते कोण जाणे. 'सर किती फॉर्म भरायचे' हे मुलं सारखं विचारतात ना, तेव्हा आधी कुणाकडून भरायचे ते विचार.

फॉर्मवरून आठवलं, प्रश्नावली बाहेर वाटायच्या आधी प्रत्येकाला एका माणसासमोर बसून वाचून दाखवायला लाव आणि त्या माणसाला मनात काय येतंय ते मोठ्याने बोलायला सांग. माझ्या वर्गात एकीने प्रश्न लिहिला होता, 'तुम्ही नियमित आणि वेळेवर अभ्यास करता का? हो / नाही.' समोरचा मुलगा म्हणाला नियमित करतो पण वेळेवर नाही, मग टिक कुठे करू? आणि नियमित म्हणजे त्याच्या मते परीक्षेच्या महिन्यात रोज! तिने तिथल्या तिथे खोडून लिहिलं, 'गेल्या ७ दिवसांपैकी किती दिवस तुम्ही अभ्यासाला बसलात?' त्या दहा मिनिटांत ती जे शिकली ते मला लेक्चर देऊन शिकवता आलं नसतं.

आकडेवारी शेवटी घे आणि थोडीच घे, सरासरी आणि मध्यक (आकडे क्रमाने लावले की मधोमध येणारा) कधी वेगळे पडतात एवढं पक्कं झालं तरी पुष्कळ.

एका गोष्टीवर मात्र कडक राहा. फॉर्म कमी पडले की मुलं रात्री बसून स्वतःच भरतात, सगळीकडे चालतं हे, आणि मला ह्याचं फार वाईट वाटतं, कारण आपणच १०० फॉर्मला मार्क ठेवतो. त्यापेक्षा १५ खरे फॉर्म आणि कोण भेटलं, कोण नाही म्हणालं ह्याची रोजची वही, ह्याला मार्क दे. नाही म्हणायचा हक्क समोरच्याला आहे हेही त्यातूनच शिकवता येतं. आणि अंदाज चुकला तर प्रोजेक्ट फेल नाही, हे पहिल्याच तासाला सांगून टाक, नाहीतर आकडे फिरवायला सुरुवात होते.

तुझा सिलॅबस पाठव, कुठला भाग किती तासात बसेल ते बघतो. आणि मुलांनी पहिल्यांदा आणलेले विषय जसेच्या तसे पाठव, दुरुस्त न करता.

तुझाच,
जुना मित्र