स्टेंटची तपासणी: पॅकेजआधी स्टेंटची नोंद हवी

महोदय,

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेल्यांनी दरवर्षी सीटी अँजिओग्राफी (सीटी स्कॅनने रक्तवाहिन्यांची तपासणी) करून ‘स्टेंट उघडा आहे का’ हे पाहून घ्यावे, अशी सवलतीच्या पॅकेजची जाहिरात अलीकडे आपल्या शहरातील एका फलकावर वाचली. क्ष-किरण विभागात नोकरी केलेला निवृत्त तंत्रज्ञ या नात्याने त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

या तपासणीत मनगटातून किंवा जांघेतून हृदयापर्यंत नळी न्यावी लागत नाही; हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त डाय (रक्तवाहिन्या चित्रात दिसाव्यात म्हणून द्यायचे द्रव्य) दिला की भागते. ही सोय मोठी आहे, यात वाद नाही. मात्र स्टेंट ही धातूची जाळी असल्याने सीटीच्या चित्रात तिच्या तारा आहेत त्याहून जाड दिसतात आणि आतली वाट प्रत्यक्षापेक्षा अरुंद भासते. स्टेंटचा व्यास ३ मिलिमीटर किंवा अधिक असेल तर आतले बऱ्यापैकी कळते. त्याहून बारीक स्टेंटमध्ये, त्यातही नाडी जलद किंवा अनियमित असेल तर, ‘निश्चित सांगता येत नाही’ असाच शेरा येण्याची शक्यता वाढते. म्हणजे डाय गेला, किरणोत्सर्ग झाला, पैसे गेले आणि कॅथलॅबमध्ये जाऊन नळीची अँजिओग्राफी करणे काही चुकले नाही. क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करत नसलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर डाय देण्यापूर्वीच विचार करावा लागतो.

तक्रार नसताना सरसकट तपासणी करून काय साधते, याचे एक उत्तर दक्षिण कोरियातील ‘पोस्ट-पीसीआय’ अभ्यासात मिळते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अँजिओप्लास्टी झालेले, जास्त जोखमीचे १,७०६ रुग्ण होते. निम्म्यांची वर्षभराने ठरवून स्ट्रेस चाचणी (हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी) केली गेली, तर उरलेल्यांची गरज भासली तरच. दोन वर्षांअखेर मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा अस्थिर अंजायनासाठी (हृदयाला रक्त कमी पडून अचानक उद्भवणाऱ्या किंवा वाढणाऱ्या छातीतील दुखण्यासाठी) भरती होण्याचे प्रमाण अनुक्रमे ५.५ आणि ६.० टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. हा अभ्यास सीटीचा नव्हता हे खरे, पण ‘दरवर्षी कराच’ म्हणणाऱ्यांनी आपला आधार दाखवायला हवा. चालताना छातीत दाब येणे किंवा धाप लागणे अशी तक्रार असेल, तर कोणती चाचणी करायची ते डॉक्टरांनी ठरवावे. मधुमेहींना कळ जाणवतेच असे नाही, म्हणून पूर्वीपेक्षा लवकर दम लागणे हीही त्यांनी तक्रारच समजावी. छातीत अचानक दुखू लागले, तर मात्र पॅकेज शोधत न बसता थेट तातडीच्या विभागात जाऊन ईसीजी काढावा.

पायाच्या रक्तवाहिनीतील स्टेंटची गोष्ट वेगळी आहे. तिथे कलर डॉप्लरने (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) ठरावीक काळाने पाहणे ही रुळलेली पद्धत असून, तीत ना डाय लागतो ना किरणोत्सर्ग होतो. तंबाखू आणि मधुमेहाने पाय गमावण्याची वेळ आलेले रुग्ण जिल्ह्यात कमी नाहीत, पण त्यांच्यासाठी असा फलक लावावासा कोणाला वाटलेला दिसत नाही. स्वतःच बिघाड कळवणारे, संवेदक बसवलेले स्टेंट व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. ते अजून संशोधनाच्या टप्प्यात आहेत.

सीटीत काही कळेल का हे स्टेंटच्या व्यासावर अवलंबून असल्याने, माझा खरा आग्रह मात्र स्टेंटच्या नोंदीसाठी आहे. स्टेंटच्या खोक्यावरील स्टिकरवर व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक असतो. तपासणीला आलेल्या एका आजींच्या फाइलमध्ये तो चिकटवलेला होता, पण वर पंचिंग मशीनचे भोक पडून नेमका व्यासाचा आकडाच गेला होता. २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड आणि बॅच क्रमांक स्वतंत्रपणे दाखवणे बंधनकारक झाले. तथापि बिल विम्याच्या कागदांबरोबर जाते, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मोफत उपचार झालेल्याकडे ते असण्याचा प्रश्नच सहसा येत नाही.

तेव्हा शहरातील सरकारी व खासगी रुग्णालयांनी घरी सोडताना प्रत्येक रुग्णाला एक लॅमिनेट केलेले कार्ड द्यावे आणि त्यावर कोणत्या रक्तवाहिनीत, किती व्यासाचा व लांबीचा स्टेंट, कोणत्या तारखेला बसवला आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी कधीपर्यंत घ्यायची, हे मराठीत छापावे. आपल्याकडे कन्नड आणि तेलुगू भाषक रुग्णही मोठ्या संख्येने येतात, त्यांच्यासाठी त्या भाषांतही. एमआरआयच्या आधीही हीच माहिती विचारली जाते. जिल्हा शल्यचिकित्सकांनी याबाबत परिपत्रक काढावे, ही विनंती.

— एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ, सोलापूर