विषय: एकच आयपी पत्ता दोन सर्व्हरच्या नावे स्वीकारणाऱ्या तुमच्या डिरेक्टरीबद्दल

महोदय,

आत्ताच तुमच्या सपोर्टशी बोलून फोन ठेवला. माझ्या तक्रारीचं तिकीट बंद केलंय, शेरा मारलाय ‘ग्राहकाची डेटा एन्ट्रीची चूक’. हा शेरा आधी काढा.

तुमच्या डिरेक्टरीत, म्हणजे सर्व्हर आणि त्यांच्या पत्त्यांच्या नोंदवहीत, जुन्या सर्व्हरच्या नोंदीत पत्ता पूर्ण लिहिलेला होता: २००१:०डीबी८:०:०:०:०:०:१. नव्या सर्व्हरला भरला गेला २००१:डीबी८::१. (खरे पत्ते इथे देत नाही.) पत्ता एकच. एक पत्ता एकाच नोंदीत, अशी युनिकनेसची अट लावलेली असूनही तुमच्या डिरेक्टरीने दोन्ही नोंदी ठेवून घेतल्या. जुना सर्व्हर देखभालीसाठी बंद असताना नवा सुरू झाला. जुना परत लावला तेव्हा पत्ता आधीच वापरात असल्याचं ओळखून लिनक्सने तो नाकारला. ऐन पगाराच्या दिवशी पगाराची सिस्टीम बंद.

आणि फोनवर काय ऐकलं? ‘सर, दोन्ही स्ट्रिंग वेगळ्या आहेत.’ म्हटलं, पत्ता एकच आहे. ‘पण दिसतात वेगळ्या ना, सर?’ म्हटलं, आयपीव्ही६ पत्ता म्हणजे १२८ बिट, तो लिहायच्या तऱ्हा अनेक. त्यावर उत्तर: ‘कॅपिटल-स्मॉलचा फरक आम्ही धरत नाही, त्यामुळे प्रॉब्लेम यायला नको.’ कॅपिटल-स्मॉलबद्दल मी विचारलंच नव्हतं! मग आयपी पत्ता म्हणजे काय, हे मला पहिल्यापासून शिकवायला घेतलं. वर सल्ला, सगळे पत्ते एक्सेलमध्ये सारखे करून मग भरा. इतकी वर्षं नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाशी असं बोलतात?

आरएफसी २३०७ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज; हा डिरेक्टरीत नेटवर्कची माहिती कशी ठेवावी याबद्दलचा) पत्त्याची तुलना मजकूर म्हणूनच सांगितली आहे, हे मला माहीत आहे. ते १९९८ चं आहे आणि ‘प्रायोगिक’ म्हणून निघालेलं आहे. आयपीव्ही६ पत्ता एकाच ठरावीक रूपात कसा लिहावा हे आरएफसी ५९५२ ने २०१० मध्येच सांगितलं. नोंद साठवताना पत्ता त्या रूपात आणा, शोधताना समोरून आलेला पत्ताही त्याच रूपात आणून जुळवा. नाहीतर सोळा बाइट साठवा आणि बाइट ताडून बघा. पोस्टग्रेस डेटाबेसचा ‘आयनेट’ हा डेटाचा प्रकार पत्ता मजकूर म्हणून नाही, पत्ता म्हणूनच ताडतो. तुम्ही तर डिरेक्टरीच विकता.

चूक आमच्या माणसाची नाही. दोन्ही पत्ते बरोबर लिहिलेले होते.

तिकीट उघडून ते सपोर्टऐवजी डेव्हलपमेंटकडे द्या, दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत येणार ते लेखी कळवा. तोवर लायसन्सच्या नूतनीकरणाच्या कागदावर माझी सही होणार नाही.

सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर