चार दिवसांत संपणार होती ती लढाई

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिकच्या लढायांवर अख्खं पान आलं होतं, इवो जिमाच्या झेंड्याचा फोटो होता, नकाशात बाण वगैरे सगळं होतं, पण पेलेलिऊ बेटाला मात्र जेमतेम एक ओळ मिळाली, "अमेरिकेने बेट जिंकले" एवढीच. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

पेलेलिऊ म्हणजे फिलिपिन्सच्या पूर्वेला पलाऊ नावाच्या बेटांच्या समूहातलं एक छोटं बेट, लांबी फार तर दहा किलोमीटर. १५ सप्टेंबर १९४४ ला तिथे अमेरिकेची फर्स्ट मरीन डिव्हिजन उतरली (मरीन म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारं दल, लष्करापेक्षा वेगळं). डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल रुपर्टस यांनी आधीच सांगून टाकलं होतं की तीन, फार तर चार दिवसांचं काम आहे. लढाई चालली नोव्हेंबर संपत येईपर्यंत, दोन महिन्यांच्या वर! आणि माझं म्हणणं ह्या चार दिवसांबद्दलच आहे, कारण पुढचे कितीतरी हाल त्या एका अंदाजापायी झाले. चारच दिवस म्हटल्यावर बहुतेक वार्ताहर किनाऱ्यावर उतरलेच नाहीत (म्हणूनच ही लढाई कुणाला फारशी माहीत नाही), आणि एक अख्खी रेजिमेंट निम्म्याहून जास्त गारद झाली तरी रुपर्टस लष्कराच्या डिव्हिजनची मदत घ्यायला तयार नव्हते, शेवटी त्यांचे वरिष्ठ जनरल गायगर यांनी ती घ्यायला लावली.

उतरण्याआधी तीन दिवस नौदलाच्या तोफांनी बेट भाजून काढलं होतं, इतकं की आता मारायला काही उरलंच नाही असं अ‍ॅडमिरल म्हणाले. पण जपानी कर्नल नाकागावा यांनी माणसं किनाऱ्यावर ठेवलीच नव्हती जास्त, डोंगरातल्या शेकडो गुहांमध्ये बसवली होती, काही गुहांना तर लोखंडी दारं, तोफ बाहेर काढायची, डागायची, परत दार बंद.

आणि तो डोंगर सगळा प्रवाळाचा, दगडासारखा टणक. खड्डा खणून आडोसा करायचा तर फावडं आत जातच नाही, तोफगोळा पडला की त्या प्रवाळाच्याच कपच्या उडून अंगात घुसतात. मेलेल्यांना पुरता येत नाही, शौचाला गेलं तर त्यावर माती टाकायला माती नाही, सगळीकडे माश्या आणि सडका वास, आणि त्यातच बसून डबा उघडून खायचं. ऊन ४६ डिग्रीपर्यंत. पाणी आलं ते तेलाच्या ड्रममधून, आणि ड्रम नीट धुतलेलेच नव्हते. उन्हाने जीव चाललेला असताना तोंडाला लावलेलं पाणी तेलकट, पिऊन पोरं ओकत होती, तरी तेच प्यायचे कारण दुसरं नव्हतंच. मला सगळ्यात जास्त चीड ह्या ड्रमची येते. गोळी शत्रूची असते, हे तर आपल्याच माणसांनी पाठवलेलं पाणी.

कॅप्टन एव्हरेट पोप यांची हकीकत सांगतो. १९ सप्टेंबरला त्यांची कंपनी एका उघड्या टेकडीवर चढली, रात्र झाली, मशीनगन बंद पडलेल्या, पाणी नाही, गोळ्या संपत आलेल्या, आणि जपानी सैनिक रात्रभर वर चढत राहिले. ग्रेनेड कमी पडायला लागले तशी ह्या पोरांनी दगड फेकायला सुरुवात केली, म्हणजे अंधारात समोरच्याला ग्रेनेडच वाटावा, आणि ते नाही जमलं तिथे नुसत्या हातांनी मारामारी. उजाडलं तेव्हा पोपकडे लढणारे आठ जण उरले होते. मग खाली यायचा हुकूम आला. ज्या टेकडीसाठी एवढं केलं ती सोडून यावी लागली.

काळे मरीन वेगळ्या तुकड्यांत ठेवायचे तेव्हा, दारूगोळा उतरवायच्या कामाला. तेच आपणहून पुढे येऊन गोळीबारात जखमींचे स्ट्रेचर उचलत होते. ह्यांच्याबद्दलही तुमच्या पानात एक शब्द नाही.

जपान्यांचं काय झालं तेही सांगायला पाहिजे. बेटावर जवळपास ११,००० होते, त्यातले थोडेच जिवंत हाती लागले आणि त्यातही बरेचसे मजूर. बाकीचे गुहांमध्ये फ्लेमथ्रोअरने (आगीचा झोत फेकणाऱ्या हत्याराने) जाळले गेले नाहीतर सुरुंगाने तोंड बंद करून आतच गाडले गेले. नाकागावा यांनी शेवटी आत्महत्या केली. ३४ सैनिक तर एप्रिल १९४७ पर्यंत लपून होते, युद्ध संपलंय हेच त्यांना पटत नव्हतं. कुणाची तरी मुलंच होती की ती पण.

आणि एवढं करून हे बेट हवं तरी होतं का? फिलिपिन्सवर जाताना बाजूला पेलेलिऊवरची जपानी धावपट्टी नको म्हणून हा घाट घातला होता, पण उतरायच्या दोनच दिवस आधी अमेरिकन नौदलाचे अ‍ॅडमिरल हॅल्सी यांनी हे रद्द करा असं कळवलं होतं. जहाजं निघाली होती, त्यांचे वरिष्ठ अ‍ॅडमिरल निमिट्झ यांनी थांबवलं नाही. २० ऑक्टोबरला फिलिपिन्समध्ये लेटे बेटावर अमेरिकन सैन्य उतरलंसुद्धा, तेव्हा पेलेलिऊच्या डोंगरात माणसं मरतच होती. एकूण १,५०० च्या वर अमेरिकन गेले. माझ्या मते ही लढाई टाळता आली असती.

आज का लिहितोय, तर हीच धावपट्टी अमेरिकन मरीननी परत दुरुस्त केली आणि जून २०२४ मध्ये त्यांचं मोठं विमान तिथे उतरलं, चीनशी वाकडं झालं तर लागेल म्हणून. बेटावर तेव्हाचा न फुटलेला दारूगोळा अजून सापडतो. आणि आपल्याकडे काही झालं की टीव्हीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लोक लगेच सुरू होतात, दोन दिवसांत विषय संपवू, आठवड्यात घुसू. आमच्या जिल्ह्यात गावोगाव फौजेतली माणसं आहेत हो, त्यांच्या घरच्यांनी हे ऐकून काय करायचं?

तेव्हा विनंती अशी की जे तज्ज्ञ तुमच्या पेपरात किती दिवसांत काय होईल ते सांगतात त्यांना पाणी कुठून जाणार, जखमी कोण उचलणार, चारचे चाळीस दिवस झाले तर काय, हेही विचारा आणि उत्तरं नावानिशी छापा. आणि पेलेलिऊवर एक सविस्तर लेख द्या, दोन्ही बाजूंचा, आमच्याकडचे माजी सैनिक नक्की वाचतील.

कळावे,
आपला एक वाचक
कोरेगाव, जि. सातारा