गावं हलवण्याआधी शेजार विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूर ओसरला की कृष्णा-पंचगंगेच्या काठावरची गावं कायमची उंचावर हलवण्याची चर्चा सुरू होते. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पाहिल्यावर ती होणारच, आणि आपल्या दैनिकातही या विषयावर बरंच लिहून येतं. त्या लिखाणात शिरोळ तालुक्याचा नदीकाठ मात्र ‘पूरबाधित गावे’ किंवा ‘सीमाभाग’ एवढ्यावरच आटोपतो. मी एसटीत वाहक होतो. नोकरीची बहुतेक वर्षं कुरुंदवाड आगारात गेली. या गावांचे स्वभाव तिकिटं फाडता फाडता जवळून पाहिले, म्हणून हे पत्र.

नृसिंहवाडी हे दत्ताच्या यात्रेचं गाव. कृष्णा चढली, पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा झाला म्हणतात, आणि त्या स्नानासाठी माणसं लोटतात. गावाचा संसार पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर चालतो. त्यामुळे वाडीचा माणूस परक्याशीही घरच्यासारखा बोलतो. पलीकडच्या तीरावर औरवाड. तिथं अमरेश्वराचं देऊळ आहे, मुसलमानांची वस्तीही मोठी आहे. औरवाडकर शेतात रमणारा, बोलणं मोजकं. विजापूरच्या आदिलशहानं मुलीची दृष्टी परत आली म्हणून औरवाड आणि गौरवाड ही गावं दत्त देवस्थानाला इनाम दिली, असं दोन्ही तीरांवर सांगतात. वाडीच्या देवळाला शिखर नाही, त्याचाही संबंध लोक याच कथेशी जोडतात. सकाळच्या पहिल्या गाडीला या काठच्या वांग्यांच्या पाट्या टपावर चढायच्या. पाटी चढवायला मागून कोण हात देतोय हे कुणी वळून पाहत नसे.

कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या संस्थानचं गाव. अजूनही थोडं दिमाखात वावरणारं, तालमींचं, वादाला न घाबरणारं. तिथल्या पाच मशिदींत गणपती बसतो. 2018 आणि 2019 साली गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा पीर आणि गणपती एका छताखाली होते, प्रसादाला मोदकही होते आणि मोहरमचे गोड चोंगेही. दोन्ही वर्षी बाहेरून कॅमेरे आले आणि ‘अनोखा एकोपा’ म्हणून बातम्या झाल्या. मला त्या बातम्या अपुऱ्या वाटतात. हा एकोपा आपोआप झालेला नाही. आरती किती वाजता, नमाज किती वाजता, मांडव कुठपर्यंत, मिरवणूक कुठल्या गल्लीतून, हे दरवर्षी ठराविक माणसं बसून ठरवतात. आवाज चढतात, एखादा उठून जातो, दुसरा त्याला घरून परत आणतो. 2019 ला तर ऑगस्टचा महापूर ओसरून घरातला चिखल जेमतेम निघाला होता. तरीही बैठक झाली, कारण बैठकीला येणारे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत होते.

आमच्या संध्याकाळच्या फेरीबद्दल थोडं लिहितो. शिरोळ तालुक्यात जैन शेतकरी मोठ्या संख्येनं आहेत आणि चातुर्मासात त्यांच्यातले बरेच जण दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. 2010 नंतरची काही वर्षं रमजानही पावसाळ्यात येत होता. जयसिंगपूरहून सुटणाऱ्या गाडीत एका बाकावर सूर्य बुडायच्या आत घरी पोचायची घाई असलेली जैन आजी, आणि तिच्याच शेजारी सूर्य बुडायची वाट पाहणारा औरवाडचा गवंडी. शिरोळ सोडलं की आजी खिडकीतून उन्हाकडे बघायला लागायची. चालक थांबे उरकायचा. कुणी रेंगाळत चढायला लागला की गवंडीच ओरडायचा, “चला लवकर, आजींचं जेवण चुकंल.” आजी उतरून गेली आणि पुढं अंधारून आलं की तो रुमालात बांधलेले खजूर काढायचा. पहिला खजूर चालकाला, दुसरा मला, मग स्वतः. रमजानचा महिनाभर हे चालायचं आणि कुणाला त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

मुक्कामाच्या गाडीचंही तसंच. नदीच्या खालच्या अंगाला अकिवाट, राजापूर, खिद्रापूर, सैनिक टाकळी ही गावं. टाकळीत घरटी फौजेत गेलेला माणूस सापडेल. ते गाव शिस्तीचं, पहाटेची गाडी सुटायच्या आधी माणसं थांब्यावर उभी. एका जैन घरात आमचं जेवण असायचं. त्या घरची चूल उजेडीच विझलेली, पण रात्री उशिरा पोचणाऱ्या आम्हा दोघांची ताटं झाकून ठेवलेली असत. आम्ही जेवत असताना घरातलं कुणी जेवत नसे, पण म्हातारे बाबा समोर बसून राहत.

खिद्रापूरला तर राज्याची हद्दच पुसट होते. कोपेश्वराच्या देवळात कानडी शिलालेख आहेत आणि यादव राजा सिंघणाचा देवनागरीतला संस्कृत लेखही आहे. जवळच आदिनाथाची बस्ती, म्हणजे जैन मंदिर. महादेवाच्या या देवळात नंदी नाही. तो पलीकडे कर्नाटकात, चिकोडी तालुक्यातल्या यडूरला आहे, असं इथं सांगतात. समोरच्या काठावर जुगूळ. तिकडच्या सुना इकडे, इकडच्या तिकडे. नवरा-बायको मराठीत बोलतात आणि भांडण कानडीत करतात, अशी घरं मी पाहिली आहेत. सीमाप्रश्नावर बंद पुकारला की आमच्या गाड्या उभ्या राहायच्या, नदीतली नाव मात्र चालू असायची.

सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. इचलकरंजी मजरेवाडीजवळून कृष्णेचं पाणी उचलते आणि तिचं सांडपाणी पंचगंगेतून तेरवाडच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथं मासे मरून तरंगले की खालच्या गावांचा संताप उसळतो, आणि तो रास्त आहे. पाण्यावरून, बांधावरून, उसाच्या तोडीवरून मारामाऱ्या होतात. पण याच पट्ट्यातल्या हेरवाडनं 2022 च्या मे महिन्यात विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि मग सरकारला राज्यभर परिपत्रक काढावं लागलं. 2025 मध्ये नांदणी मठाची हत्तीण गुजरातला नेली, तेव्हा ती परत यावी म्हणून कोल्हापूरपर्यंत लोक चालत गेले. मठ जैनांचा, चालणाऱ्यांत लिंगायत, मराठा, मुसलमान सगळे होते.

आता पुराबद्दल. वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगत जातं आणि दिवसच्या दिवस उतरत नाही. अशा वेळी म्हशी कुठं न्यायच्या, बाळंतिणीला कुणाकडे ठेवायचं, हे कुठल्याच सरकारी यादीत नसतं. खालच्या गावातल्या घराला माळावरच्या गावात एक ठरलेलं घर असतं. कुणाचं ते नात्यातलं, कुणाचं दूध डेअरीतल्या ओळखीचं, कुणाचं आजोबांच्या सावकारी-कुळाच्या व्यवहारातून आलेलं. 2019 ला छावण्या उघडायच्या आधी कितीतरी जनावरं अशा गोठ्यांत पोचली होती. गाव उचलून भलतीकडे ठेवलं तर ही सोय तुटते, आणि नवी वसाहत ती देऊ शकत नाही.

मी हे अंदाजानं लिहीत नाही. वारणेच्या चांदोली धरणानं उठवलेल्या लोकांच्या वसाहती आपल्या भागात आहेत. त्यांना घरं मिळाली, जमिनी कमी-जास्त मिळाल्या. पण त्यांच्यातल्या बायका जुन्या शेजारणीच्या घरच्या लग्नाला किंवा दहाव्याला जायचं म्हणून दोन गाड्या बदलत, कारण एकाच आळीतली घरं वेगवेगळ्या तालुक्यांत पडली होती. त्यांचं तिकीट मी फाडलेलं आहे.

म्हणून प्रशासनाकडे आणि आपल्या वार्ताहरांकडेही मागणी आहे. पुनर्वसनाचा आराखडा करताना प्लॉटची यादी आडनावावर किंवा चिठ्ठीवर काढू नका. प्रत्येक घराला विचारा की तुमचा शेजारी कोण आणि पुरात तुम्ही कुणाकडे जाता. मशीद, देऊळ, बस्ती आणि आठवड्याचा बाजार नव्या गावठाणात कुठं येणार हे आधी नकाशावर दाखवा. औरवाडचा निर्णय वाडीला बाजूला ठेवून करू नका. बैठक तहसील कचेरीत न घेता गावात घ्या आणि ती संध्याकाळी ठेवत असाल तर चातुर्मास आणि रमजान बघून वेळ ठरवा. खिद्रापूरच्या बैठकीला जुगूळचे लोकही बोलवा. त्यांचीही पिकं त्याच पाण्याखाली जातात.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर