मुरघासाच्या पिशवीवर कापणीचे वय लिहिले जावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात वैरण संपली की आमच्या सांगोला भागातले मेंढीपालक आता कडब्याबरोबर मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद मुरवून टिकवलेल्या हिरव्या वैरणीच्या, पिशव्याही विकत घेतात. ही सोय मोठीच आहे. परंतु संकरित नेपिअर या उंच वाढणाऱ्या वैरणीच्या गवताचा मुरघास घेताना वजन आणि दर यांपलीकडे कोणी काही विचारत नाही, आणि गवत कापले तेव्हा ते किती दिवसांचे होते, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट विक्रेता सांगत नाही. त्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

मागच्या उन्हाळ्यात मी अशा पिशव्या घेतल्या. वास आंबूस-गोड होता, रंग पिवळसर हिरवा होता, बुरशीचा ठिपकाही नव्हता. मुरवण्यात खोट काढायला जागा नव्हती. तरीही रोज सकाळी गव्हाणीत बोटाएवढ्या जाड कांड्यांचे तुकडे तसेच पडलेले दिसत, कारण मेंढ्यांनी पाला तेवढा वेचून खाल्लेला असे. व्यालेल्या मेंढ्यांचे दूध पंधरवड्यात कमी झाले आणि कोकरे रिकाम्या कासेला ढुशा देत राहिली. चौकशी केल्यावर कळले की गवत ९० दिवसांचे होते. उंच वाढले की वजन चांगले भरते, म्हणून ते राखून ठेवले होते.

हा ९० दिवसांचा हिशेब मुळात मक्याचा आहे. मक्याच्या कणसात दाणा भरत जातो, त्यात पिष्ट साठते, त्यामुळे दाण्यातला चीक घट्ट होईपर्यंत थांबणे मक्यात फायद्याचे ठरते. वैरणीच्या गवतात असा दाणा भरत नाही. ते जसजसे वाढते तसतसे पाल्याचे प्रमाण घटते, कांडी वाढते आणि तिच्यात लिग्निन हा न पचणारा कठीण घटक साचून ती लाकडासारखी होते. चांगल्या खतपाण्यावरच्या नेपिअरमध्ये ४५ दिवसांच्या सुमारास शुष्क भागात (पाणी वगळून उरणाऱ्या भागात) १० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, ती तीन महिन्यांच्या गवतात बहुधा ७ टक्क्यांच्याही खाली जातात. प्रथिने त्या पातळीखाली गेली की पोटातल्या सूक्ष्मजीवांचीच उपासमार होते, तंतू पचायला वेळ लागतो, पोट भरलेले राहते आणि जनावर खाणेच कमी करते. म्हैस असली वैरण काही प्रमाणात रेटून नेते. मेंढीचे पोट लहान, आणि कांडीचा तुकडा रवंथ होऊन पुरेसा बारीक झाल्याशिवाय पुढे सरकत नाही, त्यामुळे तिला हा फटका अधिक बसतो.

मुरवल्याने जून कांडी मऊ होते, हा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो खोडून काढणे मला आवश्यक वाटते. मुरताना गवतातल्या साखरेचे आम्ल होते आणि त्या आम्लामुळे वैरण टिकते, एवढेच. लिग्निन त्यात विरघळत नाही. जून भेंडी कितीही शिजवली तरी तिचे दोर जात नाहीत, तसेच हे आहे.

याचा अर्थ अगदी कोवळे गवत कापावे असाही नाही. महिन्याभराच्या गवतात पाणी फार आणि साखर कमी असते. त्याचा रस गळतो, आम्ल पुरेसे तयार होत नाही आणि मुरघासाला कुजका वास येतो. त्यामुळे ४५ ते ५० दिवसांच्या सुमारास, पावसाची उघडीप पाहून कापणी करावी, गवत अर्धा-एक दिवस सुकवावे, मुठीत दाबलेल्या कुट्टीतून (बारीक तुकडे केलेल्या गवतातून) पाणी ठिबकत नाही ना हे पाहावे आणि १०० किलो कुट्टीला दोन-तीन किलो गूळ किंवा मळी मिसळून ती घट्ट दाबून भरावी. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा दिवस मोजण्यापेक्षा पाला आणि कांडी यांच्याकडे पाहून ठरवलेले बरे. उघडीप मिळाली नाही तर कापणी लांबते, ही अडचण मी जाणतो; पण मग तो माल दुभत्या मेंढीच्या नावाने विकू नये.

गाभण आणि व्यालेल्या मेंढ्यांना याची झळ सर्वांत अधिक लागते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘नारी सुवर्णा’सारख्या जुळी देणाऱ्या मेंढ्या आता अनेक कळपांत आहेत. दोन कोकरांचे दूध जून कांड्यांवर कुठून येणार?

म्हणून पशुसंवर्धन विभागाला माझी विनंती आहे की, विक्रीच्या प्रत्येक पिशवीवर गवताचे नाव, कापणीच्या वेळचे वय, शुष्क भागाचे आणि प्रथिनांचे प्रमाण छापणे बंधनकारक करावे. तोपर्यंत मेंढीपालकांनी पैसे देण्यापूर्वी एक पिशवी फोडायला लावावी, दोन मुठी कुट्टी पोत्यावर पसरावी आणि त्यात पाला किती, कांडी किती, हे स्वतः पाहावे.

आपला,
एक मेंढीपालक वाचक
ता. सांगोला, जि. सोलापूर