फॉरमॅट करण्याआधी बूट मेनू उघडून पाहावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात मे-जूनमध्ये वळवाच्या वादळात वीज गेली की शाळा-महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांतून एक तक्रार हमखास ऐकू येते: लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारे मशीन सुरूच होत नाही, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे येतात आणि तेथेच थांबतात. त्यावर अनेक ठिकाणी लगेच फॉरमॅट मारले जाते, म्हणजे डिस्क पुसून सिस्टीम नव्याने बसवली जाते. डिस्कवर विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट आणि कार्यालयीन नोंदी असतात, बॅकअप बहुधा नसतो. पॉलिटेक्निकच्या मुलांना लिनक्स शिकवणारा शिक्षक म्हणून मला हे नुकसान टाळता येण्याजोगे वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये ज्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा पाया घातला, तिच्या घराण्यातील संगणकांना सुरू होतानाच हाताने सूचना देण्याची सोय असते. सन या कंपनीच्या जुन्या सर्व्हरवर ती होती, फ्रीबीएसडी या त्याच घराण्यातील सिस्टीमच्या सुरुवातीच्या मेनूत ती आहे, आणि आपल्याकडील बहुतेक लिनक्स मशीनवर ती ग्रब नावाच्या बूट लोडरमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, असते. मशीनमधला सुरुवातीचा अंगभूत प्रोग्राम जुना बायोस असेल तर सुरू करताना शिफ्ट दाबून धरल्यास आणि तो नवा यूईएफआय असेल तर एस्केप दाबल्यास ग्रबचा मेनू सहसा दिसतो. तेथे 'ई' हे बटण दाबले की सुरुवातीच्या आज्ञा उघडतात, आणि त्यांतील 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत हवा तो पर्याय लिहून कंट्रोल आणि एक्स दाबले की मशीन त्या पर्यायानिशी सुरू होते. हा बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो, डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. त्यामुळे पर्याय चुकला तरी मशीन पुन्हा सुरू करताच मूळची ओळ जशीच्या तशी परत मिळते. शिकणाऱ्याची भीती घालवायला एवढे सांगणे पुरते.

त्या ओळीतले 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द आधी खोडावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. ते खोडल्यावर कर्नलचे, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचे, संदेश पडद्यावर येऊ लागतात आणि गाडी नेमकी कोठे अडली हे वाचता येते. न वाचता केलेला इलाज म्हणजे निव्वळ अंदाज. पडदा काळाच राहत असेल आणि दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा वाटत असेल, तर 'नोमोडसेट' लिहावे. अपडेटनंतर मशीन बंद पडले असेल, तर मेनूतील प्रगत पर्यायांत जाऊन जुना कर्नल निवडावा. 'सिंगल' लिहिले की मोजक्या सेवांनिशी, दुरुस्तीपुरते मशीन सुरू होते. वीज गेल्यामुळे फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवरील फाइलींची मांडणी, बिघडली असेल, तर पडद्यावर ती तपासून दुरुस्त करणारी एफएससीके ही आज्ञा हाताने चालवण्याची सूचना बहुधा आलेलीच असते. मात्र ही आज्ञा वापरात असलेल्या, म्हणजे लिहिण्यासाठी माउंट केलेल्या डिस्कच्या विभाजनावर कधीही चालवू नये. डिस्कच निकामी होत असल्याची शंका असेल, तर आधी तिची प्रत काढावी आणि मगच दुरुस्तीला हात घालावा.

याच सोयीची दुसरी बाजू मला अधिक काळजीची वाटते. त्याच ओळीत कर्नलने सर्वप्रथम कोणता प्रोग्राम चालवावा हे बदलता येते, आणि तेथे बॅश या आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामचे नाव लिहिले तर कोणताही पासवर्ड न विचारता रूटचे, म्हणजे मशीनवरचे सर्वोच्च, अधिकार हाती येतात. म्हणजे कीबोर्डपर्यंत पोहोचलेला कोणीही माणूस, डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात बंद केलेली, नसेल तर, त्या मशीनचा मालक होऊ शकतो. नागरिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयांनी ग्रबमध्ये बदल करण्यासाठी पासवर्ड ठेवावा, बायोसमध्ये पेनड्राइव्हवरून बूट होणे बंद करावे आणि महत्त्वाची डिस्क एन्क्रिप्ट करावी. ग्रबचा पासवर्ड एकट्याने पुरेसा नाही, कारण डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडता येते. हे पासवर्ड एकाच कर्मचाऱ्याच्या डोक्यात राहिले, तर त्याची बदली होताच कार्यालयाचीच कोंडी होईल. ते मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखांकडे असावेत.

ऑपरेटिंग सिस्टीम या विषयात आमची मुले प्रोसेस आणि मेमरी यांवरची उत्तरे छान लिहितात, पण बंद पडलेले मशीन समोर ठेवले की त्यांचा हात थबकतो. नागपुरातील पॉलिटेक्निक, आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांना माझी विनंती आहे, की येत्या सत्रात यावर किमान एक प्रात्यक्षिक घ्यावे. त्यासाठी नवी खरेदी लागत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकात, लिनक्स बसवून शिक्षकाने ते मुद्दाम बिघडवावे, आणि फॉरमॅट न करता ते सुरू करून आतली फाइल शाबूत काढून दाखवण्याला गुण द्यावेत.

आपला,
एक संगणक-शिक्षक, नागपूर